गोणपाटाच्या वाकळा

संक्रांतीचं हळदीकुंकू चाललं होतं, आणि थोरल्या सुनेच्या वाट्याचं कुंकू विमलाबाईंनी वर्तमानपत्राच्या कपट्यावर काढून गॅलरीच्या उंबऱ्यावर ठेवलं... ठेवलं कसलं, पायाच्या अंगठ्यानं पुढं सरकवलं! आत शेजारणी तिळाच्या वड्या खात होत्या, सुगडातली बोरं पोरांच्या हातावर पडत होती, आणि गॅलरीत पत्र्याच्या आडोशाला बसलेली मालन तो कपटा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर तळवा दाबून बसली होती. आरसा तिला कुणी दिला नाही. तिनं अंदाजानं कपाळावर बोट टेकवलं.

मालनला क्षय आहे का, असं कुणीतरी हळू विचारलं, म्हणजे गॅलरीत नीट ऐकू जाईल इतकं हळू. विमलाबाईंनी उत्तर मात्र मोठ्यानं दिलं.

"तिच्या बापाला व्हता. लपवून गळ्यात मारली आमच्या."

बाप दम्यानं गेला होता. गुऱ्हाळावर चुलाणाच्या धुरात जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय होणार? पण हे सांगून सांगून मालनचं तोंड दुखलं होतं. खोकल्याला या घरात एकच नाव होतं, आणि ते नाव घेतलं की माणूस गॅलरीत जायचा. तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा, धुणं वेगळ्या बादलीत. तिनं हात लावलेल्या दाराची कडीसुद्धा धाकटी जाऊ मीरा पदरानं धरायची. हे सगळं मालननं सोसलं असतं. पण आठ वर्षांची लक्ष्मी, कितीतरी मुलं पोटातच गेल्यावर, नवससायास करून झालेली एकुलती एक लेक, आता आजीच्या कुशीत निजत होती आणि आईकडे दारातूनच बघून शाळेला जात होती. मालनला या जगात आता एवढंच हवं होतं... लेक पुन्हा एकदा कुशीत यावी!

ही मंडळी साताऱ्याकडून ठाण्याजवळच्या बाळकुमला आली तेव्हा आजूबाजूला भातशेती होती. मालन लग्न होऊन इथंच आली. नवरा महिपत ठाण्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात गोदामावर होता. तिथं सिमेंटचे पत्रे व्हायचे, आणि त्यात घालायचा पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा दगडी तंतू गोणपाटांत भरून यायचा. रिकामी गोणपाटं कामगार घरी न्यायचे, कुणी त्याची पायपुसणी करायचं, कुणी पावसात डोक्यावर घ्यायचं. बाळकुमला खाडी जवळ, जमिनीला बाराही महिने ओल. म्हणून विमलाबाईंनी शक्कल काढली, की वाकळ शिवताना दोन जुन्या लुगड्यांच्या मधे गोणपाट घालायचं. ओल वर चढत नाही आणि ऊबही टिकते. त्या शक्कलीचा त्यांना केवढा अभिमान! आल्यागेल्याला त्या वाकळेचं टोक चिमटीत धरून दाखवायच्या.

शिवायचं काम मालनचं. तिच्या हातचा टाका असा बारीक होता की तिरक्या ओळीत एक टाका हलायचा नाही. पण शिवण्याआधी गोणपाट झोडावं लागे. अंगणातल्या दोरीवर टाकून ती काठीनं सपासप झोडायची, पांढरा धुरळा उठायचा, केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसायचा, आणि विमलाबाई हसून म्हणायच्या, माझी सून बघा, लग्नाच्या वर्षीच म्हातारी झाली! त्या हसण्यात तेव्हा माया होती.

दुखणं सुरू झालं ते धापेनं. पाण्याची कळशी घेऊन घराच्या पायऱ्या चढताना ती मधेच बसायला लागली. गल्लीतल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला, उजव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलंय म्हणाला, आणि पाणी म्हणजे क्षयच, अशा खात्रीनं गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, गोळ्यांचा सगळा कोर्स संपला, आणि पाणी पुन्हा भरलं! घरात निकाल लागला की ती गोळ्या मोरीत टाकते.

म्हणून महिपतनं तिला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं पाठीत सुई घालून पाणी काढायचे. मालन स्टुलावर उशी कवटाळून बसायची आणि शेजारच्या बाटलीत ते पिवळं, फेसाळ पाणी चढताना तिला दिसायचं. पहिल्यांदा महिपत तोंड फिरवून बाहेर गेला आणि व्हरांड्यात थुंकला. तो थुंकल्याचा आवाज मालनला सुईपेक्षा जास्त खोल रुतला. माझ्याच अंगातलं हे पाणी, आणि ज्याच्याशी संसार केला त्याला त्याची ओकारी येते! त्यात तिला स्वतःचीही किळस येऊ लागली. अंघोळ करताना ती उजव्या कुशीला हात लावायची नाही.

त्या हॉस्पिटलात सुमेधा नावाची तरुण डॉक्टर होती. ज्यांच्या छातीत पाणी भरतं पण कारण सापडत नाही, अशा माणसांचं पाणी ती लहान लहान बाटल्यांत भरून बर्फात ठेवायची. ती त्या पाण्याकडे नाक मुरडून बघायची नाही, उलट बाटली उजेडात धरून निरखायची. मालनला याचंच पहिल्यांदा नवल वाटलं.

"पाणी सगळ्यांचं दिसायला सारखंच, मालनताई," तिनं एकदा सांगितलं. "पण ज्या रोगानं ते भरतं, त्याची काहीतरी खूण पाण्यात उतरते. ती खूण ओळखता आली, तर माणसाला अंदाजानं औषधं खावी लागणार नाहीत. मी तेच शोधतेय."

क्षयाच्या पाण्यात एक पदार्थ हमखास वाढलेला असतो, तो मोजायची सोय आता झाली आहे, असं ती म्हणाली. मालनच्या पाण्यात तो वाढलेला नव्हता. सुमेधानं पुन्हा मोजला. पुन्हा नाही. मालन त्या दिवशी बाकावर बसून पोटभर रडली, आनंदानं! क्षय नाही. म्हणजे आता गॅलरी नाही. म्हणजे लक्ष्मी...

पण सुमेधाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिनं काचेची कांडी पाण्यात बुडवून वर उचलली, तर पाकाला सुटावी तशी तार सुटली. हा चिकटपणा ज्याच्यामुळे येतो तो पदार्थ मालनच्या पाण्यात भलताच वाढला होता, आणि ती खूण चांगली नव्हती. मग बरगड्यांच्या आतल्या पापुद्र्याचा तुकडा काढून मुंबईला धाडला गेला. उत्तर आलं तेव्हा सुमेधानं दार लावून घेतलं आणि मालनचा हात हातात घेऊन सांगितलं, की हा फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर आहे, पाणी काढत राहता येईल, दुखणं कमी करता येईल, पण हा बरा होत नाही. तो कुणाला लागतही नाही. एका तंतूची धूळ श्वासातून आत जाते, वर्षानुवर्षं तिथं रुतून बसते आणि मग कधीतरी डोकं वर काढते. तिनं विचारलं, तुम्ही कुठल्या कारखान्यात काम केलंय का?

"मी कुठं कारखान्यात जातेय, बाई," मालन म्हणाली. "मी घरीच असते. वाकळा शिवते."

आणि बोलता बोलताच ती थांबली. तिनं गोणपाटांची गोष्ट सांगितली. सुमेधानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या वाकळा आता कुठायत?"

कुठं असणार? घरभर! लक्ष्मी त्यांच्यावरच निजते. विठ्ठलची, म्हणजे धाकट्या दिराची पोरं त्यांच्यावर उड्या मारतात. जुन्या वाकळांची लुगडी विरली होती आणि आतलं गोणपाट भोकांतून डोकावत होतं. आणि मीरा पोटुशी होती, तिच्या बाळासाठी मऊशी एक वाकळ विमलाबाईंनी ट्रंकेत वेगळी काढून ठेवली होती. सुमेधानं बजावलं, झोडायच्या नाहीत, झटकायच्या नाहीत, ओल्या करून गुंडाळायच्या आणि खोल पुरायच्या. लगेच.

मालन घरी आली ती गॅलरीत न जाता सरळ आतल्या खोलीत उभी राहिली. स्वतःच्या मरणाचं तिनं कुणाला सांगितलं नाही. ते नंतर बघू. तिनं एवढंच सांगितलं, की मला क्षय नाही, गोणपाटाच्या धुळीनं हे झालंय, आणि सगळ्या वाकळा घराबाहेर काढायला हव्यात.

विमलाबाई हसल्या. पोत्यानं रोग झाला असता तर आम्ही सगळेच मेलो असतो की, म्हणाल्या. त्यांच्या शक्कलीवरच सून उठली होती, ते त्यांना कसं गिळावं? महिपत दबक्या आवाजात म्हणाला, की कारखान्याचं नाव बाहेर काढू नकोस, उद्या मला कामावरून काढतील. शिवाय त्या डॉक्टरीणबाईला संशोधन करायचंय, तिला तुझं पाणी हवंय, म्हणून ती नाही नाही ते सांगते. विठ्ठलनं मान डोलावली. मीरानं तोडगा काढला, गरम पाण्यात घालून चांगल्या आपटून धुऊ, उन्हात झटकू. आपटून! झटकून! मालन परत परत सांगत राहिली, हात जोडले, घसा फुटेस्तोवर समजावलं, आणि समोरच्या चार चेहऱ्यांवर एकच भाव होता, की बघा, गॅलरीतून आत यायला बाई काय काय रचते.

तेवढ्यात लक्ष्मी शाळेतून आली. दप्तर फेकून तिनं कोपऱ्यातल्या वाकळांच्या चळतीवर सूर मारला. खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक पांढरी धूळ उठली आणि पोरीच्या तोंडाभोवती तरंगत राहिली.

ते बघून मालनच्या आत काहीतरी तुटलं. या माणसांना खरं समजत नाही. यांना फक्त किळस समजते! गेली दोन वर्षं तिनं त्यांची किळस अंगावर झेलली होती, त्या किळसेची ताकद तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "क्षयच आहे. फार वाढलाय. डॉक्टरीण म्हणाली, मी शिवलेल्या, मी पांघरलेल्या सगळ्या वाकळांत रोग बसलाय. ज्या पोराला त्यावर निजवाल, त्याला होणार."

मीरा किंचाळून भिंतीला चिकटली. विमलाबाईंनी लक्ष्मीला दंडाला धरून असं ओढलं की पोर कळवळली. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी हसलं नाही, डॉक्टरणीचा कावा कुणाला दिसला नाही. इतक्या वेळचं खरं बोलणं ज्या घरात शिरलं नाही, तिथं एक खोटं वाक्य पाण्यासारखं झिरपलं. त्या सगळ्यांकडे बघताना मालनला जी शिसारी आली, तशी बाटलीतल्या पाण्याचीही कधी आली नव्हती.

जाळायच्या नाहीत, धुरातून रोग पसरतो, असंही तिनंच सांगितलं. महिपत आणि विठ्ठल, दोघा भावांनी नाकाला फडकी बांधून, बादल्या ओतून वाकळा भिजवल्या, प्लॅस्टिकात गुंडाळल्या आणि खाडीकडच्या पडीक जागेत खड्डा खणून गाडल्या. ट्रंकेतली बाळाची वाकळ विमलाबाईंनी चिमट्यानं उचलून आणून दिली. मालन गॅलरीतून एकेक मोजत होती. शेवटची गेली तेव्हा तिनं हुश्श केलं.

आता रोग एवढा वाढलेली बाई पोराबाळांच्या घरात कशी ठेवायची? महिपतनं दिवा स्टेशनाजवळ एक खोली बघितली. भाडं कमी, पाण्याची बोंब, पण वेगळी. निघायच्या दिवशी लक्ष्मीनं आईच्या पदराला मिठी मारली, काही केल्या सुटेना. खोटं एकदा बोललं की ते निभवावं लागतं. पोर अशीच येऊन बिलगत राहिली तर घरच्यांची भीती ओसरेल, आणि कुणी सांगावं, विमलाबाई पुन्हा गोणपाटं मागवतील! मालननं लेकीची बोटं एकेक करून सोडवली.

"माझ्याजवळ यायचं नाही, लक्ष्मे. आलीस तर नाकावर फ्रॉक धरायचा. घट्ट धरायचा. माझ्या श्वासाला विष आहे."

स्वतःच्या जिभेनं स्वतःच्या लेकीला हे शिकवताना त्या माउलीचं काळीज कसं फाटलं नसेल?

दिव्याच्या खोलीत दिवस जाऊ लागले. टँकर येईल तेव्हा शेजारीण मालनची बादली भरून द्यायची. महिपत रविवारी डबा आणायचा, दाराबाहेर ठेवायचा, बरी आहेस ना विचारायचा आणि पुढच्या गाडीची वेळ बघायचा. मीराला मुलगी झाली, हे तिला त्यानं असंच दारातून सांगितलं. बाळ नव्या गादीवर निजतं, हे ऐकून तिनं डोळे मिटले. धाप वाढत चालली होती. हॉस्पिटलात जाऊन पाणी काढायचं ते तिनं दोनदा चुकवलं, कारण स्टेशनच्या पुलाचा जिनाच चढवेना.

तिची वाट बघून सुमेधानं तिच्या कागदावरच्या बाळकुमच्या पत्त्यावर निरोप धाडला आणि महिपतला बोलावून घेतलं. घरी काही सांगू नका, अशी मालननं तिला गळ घातली होती, आणि तिनं ते मनाविरुद्ध पाळलंही होतं. पण महिपतनं आल्या आल्या विचारलं, की बायकोचा क्षय कधीपर्यंत बरा होईल, पोरगी विचारत असते. मग मात्र सुमेधाचा संयम सुटला. तिनं सगळं सांगितलं. क्षय कधीच नव्हता, पाण्यातली खूण काय होती, तुकड्याचं उत्तर काय आलं, गोणपाटं, वाकळा... आणि किती थोडे दिवस उरलेत तेही. स्वतःच्याही छातीचा फोटो काढून घ्या, असंही तिनं महिपतला बजावलं, पण ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो तसाच घरी गेला आणि आईसमोर भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलाबाई दिव्याला आल्या. बरोबर लक्ष्मी होती. महिपत पायऱ्यांवर थांबला, वर यायचं त्याला धैर्य झालं नाही. मालन भिंतीशी उशा रचून बसली होती, आडवं झालं की तिला श्वास मिळत नसे. विमलाबाई उंबरा ओलांडून आत आल्या, अगदी तिच्या अंथरुणापर्यंत, आणि तिच्या पायांपाशी बसल्या.

"मला का न्हाई सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं, आत्याबाई. तुम्ही हसलात."

विमलाबाईंचा चेहरा पडला. त्या रडू लागल्या, छाती बडवू लागल्या, माझ्याच शक्कलीनं तुला खाल्लं म्हणाल्या, मालनचे पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरले. ज्या हातांनी कडीला शिवायचं टाळलं, ते हात आता पाय धरत होते! मालनला दया यायला हवी होती. आली ती तीच जुनी शिसारी. तिनं पाय आखडून घेतले.

"एक विचारते," ती दोन श्वासांच्या मधे म्हणाली. "आज तुम्ही इतक्या जवळ बसलात, ते पाण्यात क्षयाची खूण नाही निघाली म्हणून. निघाली असती तर? मी तीच होते. खरंच क्षय असता, तर आला असता?"

विमलाबाईंनी तोंड उघडलं. 'आले असते गं पोरी' हे शब्द ओठांवर आलेले मालनला दिसले. मग ते परत गेले.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "न्हाई आले असते."

आणि नवल असं, की इतक्या वर्षांत या सासूच्या तोंडून ऐकलेला हा पहिला स्वच्छ शब्द मालनला थंड पाण्यासारखा लागला. तिच्या छातीतली शिसारी गेली असं नाही... पण तिनं आखडलेले पाय हळूहळू सैल केले, आणि विमलाबाईंचा हात पुन्हा त्यांवर आला तेव्हा तो राहू दिला.

लक्ष्मी अजून दारातच होती. तिनं फ्रॉकची कड नाकावर दाबून धरली होती, दोन्ही हातांनी, घट्ट. विमलाबाई तटकन उठल्या, मेले, आई आहे ती तुझी, म्हणत तिचा हात ओढायला गेल्या.

"ओढू नका," मालन म्हणाली. "ते मी शिकवलंय तिला."

विष नाही, मी खोटं बोलले होते, असं तिनं लेकीला सांगितलं. लक्ष्मी ऐकत होती, पण मोठी माणसं आधी एक सांगतात आणि मग दुसरं, हे या पोरीला फार लवकर कळून चुकलं होतं. मालननं तिला बोलावलं नाही, हात पुढं केला नाही. अंथरुणाची एक बाजू तेवढी रिकामी करून ती सरकून बसली. विमलाबाई पदर तोंडात कोंबून कोपऱ्यात बसून राहिल्या.

कितीतरी वेळानं पोर आली. फ्रॉक नाकावर तसाच. ती आईला न शिवता कडेला आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. आदल्या रात्री घरातल्या रडारडीनं तिची झोप झाली नव्हती. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब झाला, ती झोपेतच कूस वळली, आणि नाकावरचा हात सुटून मालनच्या मांडीवर पडला.

मालननं तो हलवला नाही. खोकला येत होता, तोही तिनं ओठ मिटून धरून ठेवला.